गुरुवारचं काम

गुरुवारी भोसरीत यंत्रं गप्प असतात.
शेजारच्या प्रेसशॉपची धडधड नाही,
टपरीवाल्या कांताबाईही उशिरा येतात.
म्हणून हाच वार मागून घेतला.

सर्व्हर माझ्याआधीपासूनचा.
पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं:
बंद करू नये.
आत सबव्हर्जन, एक पॉइंट सहा.
नव्या पोरांच्या लॅपटॉपांना
त्याचं जुनं कुलूप आता उघडत नाही.

सकाळी रणपिसे सरांचा फोन:
"इतिहास कशाला ओढत बसतेस?
शेवटची प्रत घे, कोरं सुरू कर.
जागाही वाचेल."
हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

आणि डम्प सुरू केला, अख्खा.
एक, दोन, तीन…
वजनकाट्याच्या प्रोग्रॅमची चौदा वर्षं
डोळ्यांसमोरून वर सरकत निघाली.
अधूनमधून शेरे उघडून वाचत होते,
इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
"आता चालेल बहुतेक."
"नाही चाललं."
"मार्केट यार्डच्या काट्यावर कांद्याची गाडी उणे वजनात. हसू नये."
शेऱ्यांखाली नाव एकच, धायगुडे.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
त्यांच्या खुर्चीवर बसते, एवढंच.

आठ हजार आठशे सहा.
थांबला.
पुढच्याचा चेकसम जुळेना.
एका पानाला वाळवी लागलेली.
पण शेरा वेगळ्या फायलीत राहतो,
तो शाबूत होता:

"सरांच्या सांगण्यावरून. भरल्या गाडीला वीस किलो कमी."

आणि अकरा मिनिटांनी, आठ हजार आठशे आठ:

"मागचं मागे घेतलं. मला जमणार नाही."

त्यानंतर धायगुडे नाहीत.
त्यापुढे कुणी सुपेकर, मग कुणी नझीर, मग मी.

यूपीएस एकदा कण्हला.
वीज गेली, आली.

तेवढं पान गाळता येतं.
इथवर एक डम्प, इथून पुढे दुसरा,
दोन ओळींचं काम.
कुणी विचारणार नाही. विचारलं तर
डिस्क खराब होती म्हणायचं, आणि ते खरंच असेल.

मी उठून कपाट उघडलं.
जीएसटीच्या फायली, फुटका कीबोर्ड,
गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक,
तळाशी डीव्हीडींचा गठ्ठा.
त्यावर तारखा, मार्करनं,
'ऱ'च्या शेपटीला तोच झोक,
जो चिकटपट्टीवरच्या 'रू'ला.
डीव्हीडी ड्राइव्ह वॉचमनच्या पोराकडून आणवला.
तो म्हणाला, "ताई, यात पिक्चर आहे का?"
म्हटलं, आहे, पण छोटा.

बॅकअपमधलं ते पान जागेवर ठेवलं.
पडताळा लावला.
पुढे सरकला तो.
मी मोठ्यानं काही बोलले नाही, पण खुर्ची मागे ढकलली.

मग नवं पॅकेज, नवा साचा, भरणी.
चौदा हजार दोनशे बारा, एकही गळालं नाही.
चार वाजले होते, डबा तसाच होता.

कोपऱ्यात चाचणीचा काटा असतो,
त्यावर जुनी डिस्क ठेवून पाहिली:
सहाशे ऐंशी ग्रॅम.
तो प्रोग्रॅम अजून खरं सांगतो.

सरांना कळवलं: अपग्रेड झालं.
त्यांचा अंगठा आला.
"इतिहास?" त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

आता परवानग्या चुकल्यात कुठंतरी,
अपाची दारातच अडवतोय.
कांताबाईंनी शटर उघडल्याचा आवाज आला.
आधी चहा.
मग चिकटपट्टी सोलून
नव्या डब्यावर लावायची आहे,
कोपरा न फाटता निघाली तर.